पिवळा बिल्ला आणि डावा डोळा

डॉक्टरांपुढे कसं बोलायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही! तज्ज्ञांकडे पाठवणारी चिठ्ठी मला आजवर तीनशे बारा वेळा मिळाली आहे. हृदयाच्या तज्ज्ञांकडे एकशे चार वेळा, पोटाच्या नव्वद, मेंदूच्या एकाहत्तर आणि उरलेलं किरकोळ. एकदा तर मला चक्क प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवलं होतं. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याचा तो पहिलाच दिवस होता, म्हणून मी मोठ्या मनाने सोडून दिलं.

घाबरू नका, मी ठणठणीत आहे. मी आमच्या विद्यापीठातला सराव-रुग्ण आहे. शिकाऊ डॉक्टरांच्या परीक्षेला दर वेळी खरे रुग्ण कुठून आणायचे? मग आमच्यासारखे विद्यार्थी खोटे रुग्ण होतात. गळ्यात पिवळा बिल्ला अडकवायचा, आरोग्य केंद्राच्या मागच्या दाराने आत शिरायचं, ठरलेल्या खोलीत बसायचं आणि कागदावर लिहिलेला आजार बोलून दाखवायचा. आठ मिनिटांनी घंटा वाजते, शिकाऊ डॉक्टर बदलतो, आजार तोच राहतो. कोपऱ्यात खऱ्या डॉक्टर परीक्षक म्हणून बसलेल्या असतात. आणि गंमत म्हणजे शेवटी आम्हीही त्या शिकाऊ डॉक्टरांना दहापैकी गुण देतो!

एरवी मी भूगर्भशास्त्र शिकतो. म्हणजे दगड. दिवसभर दगडांपुढे बसणाऱ्या माणसाच्या अंगात अभिनय असेल तर त्याने तो दाखवायचा कुणाला? दगड काही टाळ्या वाजवत नाहीत. म्हणून हा बिल्ला मला जिवापाड प्रिय.

माझी हातखंडा भूमिका म्हणजे केस क्रमांक चौदा. वय वर्षं बावन्न, व्यवसाय शिंपी, उजव्या डोळ्यापुढे अचानक काळ्या माश्या तरंगतात आणि विजा चमकतात. हा आजार लिहिला होता आरोग्य केंद्राच्या मुख्य डॉक्टरांनी, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी लिहिलं होतं दीड पान. त्यात मी माझ्या पदरची भर घातली होती. चाचपडत खुर्ची शोधायची, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून हुंदका द्यायचा आणि शेवटी आवाज कापरा करून विचारायचं, "डॉक्टर, माझ्या नातवाचा पहिला सदरा मीच शिवेन ना हो?" एक शिकाऊ डॉक्टर तर रडला होता! केस चौदा मी अकरा वेळा केली, आणि अकराही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

गुण देताना मात्र मी कडक. एक मुलगी होती, तिचं नाव मी घड्याळबाई ठेवलं होतं. मी इकडे नातवाच्या सदऱ्यापर्यंत पोचलेलो आणि ही मनगटावर वेळ बघतेय! दोनदा परीक्षेला बसली, दोन्ही वेळा मी दहापैकी दोन दिले आणि शेऱ्यात लिहिलं, 'रुग्णाऐवजी घड्याळाकडे पाहते.' दोन्ही वेळा ती नापास झाली. तिसरी आणि शेवटची संधी उरली होती. मला फार वाईट वाटलं असं नाही. कलेच्या बाबतीत मी कुणाचीही गय करत नाही.

तर एका मंगळवारी सकाळी मी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डावा डोळा लावून बसलो होतो. आमच्याकडे दगड घासून घासून कागदासारखा पातळ काप काढतात आणि तो भिंगाखाली बघतात. हे काम मी डाव्या डोळ्यानेच करतो. चष्मा दोन्हीकडे उणे नऊचा, पण डावा जरा बरा. उजव्या डोळ्याला तशी फारशी अक्कल नाही. बघतो तर काय, कापाच्या मधोमध एक काळं, वाकडं, शेपटीचं खनिज! पुस्तकात नाही, तक्त्यात नाही, कुठेच नाही! माझ्या अंगावर काटा आला. मी धावत जाऊन आमच्या सरांना ओढत आणलं.

"सर, नवीन खनिज!"

सरांनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला तर दिसत नाही."

"असं कसं? हे काय, मध्यभागी! आता जरा डावीकडे सरकलं."

"खनिज सरकलं?"

"हो सर! मी बघेन तिकडे जातंय!"

सरांनी कापाची काच काढून हातात घेतली. "आता दिसतंय?"

"दिसतंय."

"भिंतीवर?"

"भिंतीवरही आहे, सर."

"माझ्या कपाळावर?"

"आहे सर. तिथे तर दोन आहेत."

सर शांतपणे म्हणाले, "हे खनिज तुझ्या डोळ्यात सापडलंय. ऊठ, आणि डॉक्टरकडे जा."

पण मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, अकरा वेळा केस चौदा केली, आता अंगात भिनली असणार. खरा कलावंत भूमिका जगतो म्हणतात ते हेच! संध्याकाळी दात घासताना डाव्या बाजूला लख्खकन वीज चमकली. मी आरशात बघून स्वतःलाच म्हणालो, वा, काय तादात्म्य आहे! बुधवारी एका माशीच्या वीस माश्या झाल्या. जेवताना मी ताटावरून हात फिरवून त्या हाकलत होतो आणि समोरचे लोक आपापलं ताट सोडून माझ्याकडे बघत होते. पुन्हा वीज चमकली, मग पुन्हा. तेव्हा मात्र माझी तंतरली. कारण केस चौदाच्या कागदावर सगळ्यात खाली, परीक्षकांसाठी, एक ओळ छापलेली होती: 'पडद्याला चीर असू शकते. त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न पाठवल्यास डोळा जाण्याची शक्यता.' ही ओळ मी अकरा वेळा वाचली होती आणि अकराही वेळा पान उलटून सदऱ्याचा हुंदका पाठ करत बसलो होतो.

मी आईला फोन केला. "आई, माझ्या डाव्या डोळ्यापुढे माश्या येतायत गं."

"आता डोळा का? चौथीत पोट होतं, सातवीत पाय होता."

"आई, खरंच!"

"चौथीतही खरंच म्हणाला होतास, आणि मी रिक्षा करून दवाखान्यात नेलं, तर तिथे जिना चढताना विचारतोस की शाळा सुटली असेल का आता!" मग तिचा आवाज जरा खाली आला. "दुखतंय का रे?"

"दुखत नाही. पण भीती वाटतेय."

"मग उद्या सकाळी उठल्याउठल्या दवाखान्यात जा. आणि हे बघ, तिथे नाटकं करू नकोस. सरळ सांग."

मंडळी, एवढंच ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आमच्या विद्यापीठात विद्यार्थ्याला थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही. आधी आरोग्य केंद्राची खिडकी, मग नर्स, मग डॉक्टर. डॉक्टरांना पटलं तर पांढऱ्या कागदावर चिठ्ठी, त्यावर शिक्का, आणि ती घेऊन रस्त्यापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात. खिडकीवर एक काकू बसतात. जाड रजिस्टर, त्याहून जाड चष्मा, आणि कोण खरंच आजारी आहे नि कोण परीक्षा चुकवायला आलंय, हे त्या म्हणे खोकल्यावरून ओळखतात.

गुरुवारी सकाळी पोचलो तर रांगेत तेवीस माणसं! मी रांग ओलांडून थेट खिडकीच्या काचेवर कोपर टेकून उभा राहिलो.

"काय होतंय?" काकूंनी विचारलं.

आता मी, तीनशे बारा चिठ्ठ्यांचा मानकरी, अशा खिडकीवर उभ्या उभ्या आजार सांगू? मी म्हणालो, "ते मी डॉक्टरांनाच सांगेन."

"मग रांगेत थांब. नाहीतर नऊ दिवसांनंतरची वेळ देते. आणि काचेवरचं कोपर काढ, खाली काहीतरी लावलंय."

काय लावलंय ते बघण्याइतका वेळ कुणाला होता! कारण तेवढ्यात माझ्या डोक्यात एक नामी कल्पना आली. आज महिन्याचा पहिला गुरुवार, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा! माझी ड्युटी! आणि केस कुठली, तर चौदा! मागच्या खोलीत खऱ्या डॉक्टर बसलेल्या, शिकाऊ डॉक्टर चिठ्ठी लिहिणार, बाई तिच्यावर सही करणार. आजवर त्या चिठ्ठ्या मी टेबलावरच सोडून यायचो. आज एक खिशात घालायची आणि सरळ रस्ता ओलांडायचा. रांग नाही, काकू नाहीत, नऊ दिवस नाहीत! माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. बिल्ला गळ्यात घातला आणि मागच्या दाराने आत गेलो.

पहिला शिकाऊ डॉक्टर आला. मी आईचं ऐकलं. नाटक नाही, हुंदका नाही, सरळ सांगितलं, "डोळ्यापुढे माश्या दिसतात. विजा चमकतात. मंगळवारपासून."

तो खूश झाला. टपाटप प्रश्न विचारले, टपाटप लिहिलं, चिठ्ठी फाडून मला दिली. कोपऱ्यात बसलेल्या मोठ्या बाईंनी सही केली. घंटा वाजली. शिकाऊ डॉक्टर बाहेर पडताच बाई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "आज जरा सपाट झालं रे. सदरा विसरलास."

"बाई, आज खरंच होतंय मला."

"असं म्हणून चालत नाही, दिसायला पाहिजे," म्हणत त्या पुढच्या कागदाकडे वळल्या. मी चिठ्ठी खिशात कोंबली आणि सटकलो.

मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरवर एक गृहस्थ बसले होते. त्यांनी चिठ्ठी घेतली, चष्मा वर केला, खाली केला.

"वय?"

"तेवीस."

"इथे बावन्न लिहिलंय."

मी चष्मा पुसायला घेतला.

"व्यवसाय?"

"विद्यार्थी. दगडांचा."

"इथे शिंपी आहे." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "डोळा कुठला?"

"डावा!"

"इथे उजवा आहे." मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि खालच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. 'सरावासाठी. उपचारासाठी ग्राह्य नाही.' तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की चिठ्ठीचा कागद पिवळा आहे. त्या मुलाने मला विचारलं सगळं, पण लिहिताना समोरच्या परीक्षेच्या कागदावरून शिंपीबुवांनाच उतरवून काढलं होतं!

"अहो, पण सही खऱ्या डॉक्टरांची आहे!"

"सही खरी, चिठ्ठी खोटी, आणि तुमचं वय काही कळत नाही," ते म्हणाले. "पांढरी आणा. पुढचे या!"

मला रडूच यायचं बाकी होतं. रस्ता ओलांडताना पुन्हा दोनदा वीज चमकली. मी डावा डोळा हाताने झाकून पळत सुटलो. उजव्या डोळ्याला अंतराचा अंदाज येईना, म्हणून आरोग्य केंद्राच्या दारातल्या कुंडीला माणूस समजून आधीच तिची माफी मागितली, आणि तरी तिच्यावर आपटलोच.

मागच्या बोळात मोठ्या बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"कुठे होतास? चौदा नंबरची खोली रिकामी सोडून जातोस? शेवटी मी ती केस बंद केली!"

"बाई, माझ्या डोळ्यापुढे खरंच माश्या आहेत, आणि तिकडे तुमची चिठ्ठी घेत नाहीत! हा काय पोरखेळ आहे? माणसाने करायचं तरी काय? माझा डोळा जाईल आणि तुम्ही इथे घंटा वाजवत बसा!"

बाईंचा चेहरा उजळला. "अरे वा! हाच राग ठेव! चार नंबरला संतप्त रुग्ण करणारा मुलगा आलाच नाहीये. चल, बस तिकडे!"

"बाई, मी नाटक करत नाहीये!"

"अगदी बरोबर, हेच वाक्य आहे त्यात! सुरू कर!" आणि माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी मला चार नंबरच्या खुर्चीत बसवलं. घंटा वाजली.

संतप्त रुग्ण ही फार वाईट केस आहे. रुग्ण ओरडतो आणि शिकाऊ डॉक्टरने त्याला शांत करायचं, बस्स. तुम्ही जितके ओरडाल तितकी त्याला गुण मिळवायची संधी.

पहिला आला. मी उभा राहून ओरडलो, "मी खरा रुग्ण आहे! मला खऱ्या डॉक्टरकडे पाठवा!"

"तुमचा राग मला समजतोय," तो मधाळ आवाजात म्हणाला. "आपण आधी बसू या का?"

"बसायचं नाही! चिठ्ठी हवी!"

"तुमच्या जागी मी असतो तर मलाही असंच वाटलं असतं. पाणी घेणार?"

"पाणी नको! डोळा जातोय माझा!"

"डोळा जातोय, हे ऐकून मला वाईट वाटलं. आणखी काय वाटतंय तुम्हाला?"

कोपऱ्यात बाई मान डोलावत गुण लिहीत होत्या. घंटा वाजली. दुसरी आली. तिने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. मी तो टेबलावर आपटला, तर बाईंनी हळूच अंगठा वर केला! तिसरा आला. त्याने रुमाल दिला. एक पेला पाणी आणि एक रुमाल मिळाला, पण चिठ्ठी काही मिळेना. उठून बाहेर जाऊ लागलो, तर तिसरा दारात आडवा उभा राहिला. रुग्ण रागाने निघून गेला तर म्हणे पाच गुण कापतात. उभ्या आयुष्यात इतक्या पोटतिडकीने मी कधी बोललो नव्हतो, आणि उभ्या आयुष्यात इतकी वाहवाही मिळाली नव्हती!

चौथ्यांदा घंटा वाजली तेव्हा माझ्यातली सगळी हवा गेली होती. घसा बसला होता. डावीकडे आता माश्यांच्या जोडीला बारीक काळा भुगा पसरला होता, दगड घासताना पडतो तसा. मी खुर्चीत मान खाली घालून बसलो. दार उघडलं. आणि आत कोण आली, तर घड्याळबाई! तिसरी संधी, शेवटची. आणि समोर कोण, तर तिला दोनदा दोन गुण देणारा मी. संपलं, मी मनात म्हटलं. आज हिचं आणि माझं एकदमच संपलं.

ती समोर बसली. मी ओरडेन म्हणून वाट पाहत होती बिचारी. मी ओरडलो नाही.

"काय झालंय?" तिने विचारलं.

"डाव्या डोळ्यापुढे... ते... माश्या. म्हणजे आधी खनिज होतं." मला शब्दच सापडेनात. "वीज पण. मंगळवारी. नाही, संध्याकाळी. मला भीती वाटतेय."

इतका भिकार अभिनय मी आयुष्यात केला नव्हता. कोपऱ्यातून बाईंनी नाराजीने चुक् केलं.

घड्याळबाईने मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मनगटाकडे एकदाही नाही. "कुठला डोळा म्हणालात?"

"डावा."

"केस चौदामध्ये उजवा आहे."

"मला माहितीये."

"ती केस तुम्ही माझ्यापुढे दोनदा केलीत. दोन्ही वेळा शब्दन् शब्द तोच, हुंदकासुद्धा तिथेच." तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही वाक्य चुकत नाही. आज सगळंच चुकताय."

मी डावा डोळा तळहाताने झाकला, आणि हे काही मी पाठ करून आलेलो नव्हतो.

ती उठून बाईंकडे वळली. "बाई, परीक्षा थांबवा. यांना खरंच होतंय."

"अगं, ही संतप्त रुग्णाची केस आहे. तू त्याला शांतसुद्धा केलं नाहीस, तुझा वेळ चाललाय! शेवटची संधी आहे तुझी, कळतंय ना?"

"कळतंय, बाई. पण हा माणूस इतका वाईट अभिनय करूच शकत नाही. याला नाटक करायची हौस किती आहे ते मला विचारा, दोनदा नापास झालेय मी त्यापायी! आज घाबरलाय तो. मी निघाले याला घेऊन, तुम्ही हवं तर शून्य द्या!"

आणि तिने माझ्या दंडाला धरून मला उठवलं. मोठ्या बाई तीन ढांगांत माझ्यापुढे आल्या, हनुवटी धरून माझा चेहरा वर केला आणि विचारलं, "कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आणि मी तुला सकाळपासून..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माझ्या गळ्यातला पिवळा बिल्ला खसकन ओढून काढला. "हा काढायचं सुचलं नाही तुला?"

खरं सांगतो, नाही सुचलं! एवढ्या साध्या गोष्टीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

पुढचं सगळं भराभर झालं. बाईंनी टॉर्च घेऊन डोळा तपासला, म्हणाल्या, इथे पूर्ण दिसायचं नाही, आत्ताच्या आत्ता पलीकडे जा. पांढरा कागद आला. वर लाल अक्षरांत 'तातडीचे' असा शिक्का पडला. बाईंनी स्वतः फोन केला. नाव माझं, वय तेवीस, डोळा डावा. घड्याळबाईने मला हाताला धरून रस्ता ओलांडून नेलं, कुंडीपासून जरा लांबूनच. काउंटरवरच्या गृहस्थांनी पांढरी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "आज तेवीसच ना? नक्की?" मग उठून स्वतः दार उघडून दिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, भिंग लावून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, "पडद्याला चीर आहे. लहान आहे अजून. आज आलात म्हणून बरं झालं. आणखी चार दिवस गेले असते तर पडदा सुटला असता." मी विचारलं, "दिसेल ना मला?" कापरा आवाज वगैरे काही नाही, साधंच विचारलं. ते म्हणाले, "दिसेल." मग लेझरने त्या चिरेभोवती शिवण घालावी तसं करून टाकलं. पंधरा मिनिटं लागली. शिंपीबुवा शेवटी कामाला आले, एवढंच मनात आलं.

बाहेर बाकावर घड्याळबाई बसून होती. परीक्षा सोडून, दोन तास. मी आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग आई म्हणाली, "मी निघते इकडून. त्या मुलीला फोन दे." दिला. दोघी माझ्याबद्दल काय बोलल्या माहीत नाही, पण दोघी मध्येच हसल्या, हे मला अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून मी काकूंकडे रजिस्टरात सही करायला गेलो. काकूंनी काचेवर बोटाने टकटक केलं. तिथे लाल अक्षरांत मोठा कागद चिकटवलेला होता: 'छातीत दुखणे, श्वास लागणे, डोळ्यापुढे अचानक माश्या किंवा विजा दिसणे: रांगेत थांबू नका, खिडकीवर लगेच सांगा.' बरोब्बर माझ्या कोपराच्या उंचीवर.

"पाच मिनिटांत आत सोडलं असतं रे तुला," काकू म्हणाल्या. "काय होतंय, एवढंच तर विचारलं होतं मी."

घड्याळबाईची परीक्षा पुन्हा घ्यायची की नाही यावर बरीच चर्चा झाली. मी शेऱ्याच्या कागदावर दहापैकी दहा दिले आणि लिहिलं, 'रुग्णाकडे पाहते.' मोठ्या बाईंनी तो कागद वाचला आणि पुन्हा घ्यायची गरज नाही म्हणाल्या. ती पास झाली. आता ती रीतसर डॉक्टर आहे आणि मी तिला डॉक्टर म्हणतो. तोंडावर तरी.

हे सगळं इथेच थांबलं असतं तर माझी थोडी तरी लाज राहिली असती. पण बाईंनी केस चौदा नव्याने लिहिली. शिंपीबुवा निवृत्त झाले. आता रुग्ण आहे वय तेवीस, दगडांचा विद्यार्थी, डोळा डावा, आजार सांगायला लाजतो, वाक्यं चुकतो. म्हणजे मीच की! भूमिका कुणाला द्यायची, यासाठी बाईंनी निवड चाचणी ठेवली आणि परीक्षक म्हणून घड्याळबाईला बसवलं. मी ऐटीत गेलो. म्हटलं, ही तर नुसती औपचारिकता! चाचपडत आलो, अडखळलो, आवंढा गिळला, "मला भीती वाटतेय" म्हणताना हात असा छातीवर ठेवला.

"असं कुणी घाबरतं का?" बाई म्हणाल्या.

"अहो, मी असाच घाबरलो होतो!"

"अजिबात नाही. मी होते तिथे."

घड्याळबाईने कागद पुढे सरकवला. दहापैकी दोन. शेरा: 'डॉक्टरांऐवजी टाळ्यांकडे पाहतो.'

तर मंडळी, केस चौदा हल्ली खिडकीवरच्या काकू करतात. वय तेवीस! मान खाली घालून येतात, काचेवर टेकावं तसं टेबलावर कोपर टेकतात, "आधी खनिज होतं" म्हणतात आणि गप्प होतात. परवा मागच्या बाकावर बसून मी ते दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ पाहिलं. काय सांगू, मला माझीच इतकी दया आली, की रुमाल काढावा लागला हो!